तिऱ्हाईताचे तीन तारे

जावाजावांनी दिवसभर एकाच टेबलाशी बसून काम करावं आणि संध्याकाळी हसत उठावं, असं कुणी सांगितलं तर ऐकणारा आधी सांगणाऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप बघेल. पण त्या घरात ते रोज घडत होतं. पुढच्या खोलीत कवळ्या बनायच्या, मागच्या खोल्यांत संसार चालायचा आणि मधल्या दारावर एक जाड पडदा होता, प्लॅस्टरची धूळ ताटात जाऊ नये म्हणून. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचे ठसे पाठवायचे. घरातले दोघे भाऊ ते घेऊन यायचे आणि तयार कवळ्या पोचवून यायचे. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण या घराचं पोट दोन पिढ्या दात कोरूनच भरलं होतं.

थोरली आणि धाकटी समोरासमोर बसायच्या. मधे स्पिरिटचा दिवा, मेणाच्या पट्ट्या आणि बिजागरीची एक पितळी फ्रेम. फ्रेमवर वरचा आणि खालचा जबडा बसवायचा, मधे निळा कागद धरायचा आणि टकटक करून दातांवर दात आपटायचे. जो दात उंच असेल त्यावर गडद निळा डाग उठतो. तो घासायचा, पुन्हा कागद धरायचा. पेशंटच्या तोंडात टोचण्याआधी इथे टोचलेलं बरं.

या कामाचा एक नियम सासूबाईंनी घालून दिला होता. आपली कवळी आपण तपासायची नाही. "आपलं पोर आणि आपलं काम, दोन्ही आपल्याला देखणीच दिसतात," असं त्या म्हणायच्या. म्हणून थोरलीने केलेली कवळी ट्रेमधून धाकटीकडे जायची आणि धाकटीची थोरलीकडे. तपासणारीने निळे डाग उठवायचे आणि ट्रे परत सरकवायचा. तोंडाने एक अक्षर बोलायचं नाही. करणारीने डाग बघायचे, मुकाट्याने घासायचे. असं इतकी वर्षं चाललं होतं आणि त्यात कधी कुणाला राग आल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

तोंडाने बोलायची गोष्ट मात्र निराळी. त्याला मिठाचा इतिहास होता.

धाकटी नवी नवरी होऊन घरात आली तेव्हाचा. पहिल्याच आठवड्यात तिने भाजी केली आणि थोरली जेवताजेवता सहज म्हणाली, "मीठ जरा जास्त झालंय गं." झालं! दुसऱ्या दिवसापासून धाकटीचं तोंड बंद. ओठ मिटून, गालाला हात लावून बसायची, विचारलेल्याला मान हलवून उत्तर द्यायची, जेवायची चिमणीएवढं. हे चांगले पंधरा दिवस चाललं. थोरली धास्तावली. आख्खा जन्म या पोरीसमोर बसून काढायचाय आणि आपण सुरुवातच अशी केली! शेवटी सासूबाईंनीच दोघींकडे आळीपाळीने बघून फर्मान काढलं, "तोंडाने बोलायचं तर गोड बोला. टोचायचं असेल तर निळा कागद आहे."

थोरलीने ते कानाला खडा लावून पाळलं. त्यानंतर धाकटीने काहीही पुढे केलं की थोरलीचं एकच उत्तर, "छान." पडदे छान, चपला छान, केस कापून आली तर तेही छान, जरी मागच्या बाजूला उंदराने कुरतडल्यासारखे दिसत असले तरी.

मग धाकटीला लिहिण्याचा नाद लागला.

इंटरनेटवर गोष्टींची एक साइट होती. कुणीही लिहावं, कुणीही वाचावं, वाचणाऱ्याने पाचपैकी तारे द्यावेत आणि खाली अभिप्राय लिहावा. धाकटीने 'शाईपेन' असं नाव घेतलं आणि जेवायच्या वेळी घरभर जाहीर केलं. तिच्या नवऱ्याने "वा वा" म्हणून पोळी मागितली. त्याच्या भावाने साइटचं नाव दोनदा विचारलं आणि दोनदा विसरला. सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, दुपारी काढून ठेवलेली कवळी पुन्हा बसवली नव्हती, त्यामुळे ते काय म्हणाले ते कळलं नाही. राहता राहिली थोरली.

"ताई, वाचलीत? कशी वाटली?"

"छान."

पण ती छान नव्हती. म्हणजे तशी होती, पुष्कळशी होती. एका फेरीवाल्याची गोष्ट होती आणि फेरीवाला अगदी डोळ्यांसमोर उभा राहत होता. पण गोष्ट संपल्यावर धाकटीने आणखी एक परिच्छेद लिहून माणसाने कसं वागावं ते सांगितलं होतं. थोरली दिवसभर अस्वस्थ. दातांत तीळ अडकावा आणि जीभ पुन्हा पुन्हा तिथेच जावी, तसं तिचं झालं. हात मेणात आणि मन त्या शेवटच्या परिच्छेदात.

संध्याकाळी तिने गुपचूप साइटवर खातं उघडलं. नाव काय घ्यावं? आपली ओळख पटेल असं काही नको. तिने लिहिलं, 'तिऱ्हाईत'. मग तीन तारे दिले. तिच्या हिशेबाने तीन म्हणजे पाचातले निम्म्याहून जास्त, म्हणजे चांगलंच झालं की. खाली लिहिलं, 'फेरीवाला जिवंत आहे. शेवटचा परिच्छेद काढून टाकावा. गोष्ट त्याच्या आधीच संपली आहे.'

फोन बाजूला ठेवल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की तिने उगाचच खिडक्या पुसून काढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी आली ती नाकाला मिरच्या झोंबल्यासारखी. "ताई, बघा, बघा हा कोण! तिऱ्हाईत म्हणे! बाकी सगळ्यांनी पाच पाच दिलेत आणि या शहाण्याने तीन!"

"अगं बाई," थोरली म्हणाली. मेणाच्या पट्टीवरून तिने नजर उचलली नाही.

"एकटा राहत असणार बघा. घरात कुणी विचारत नसेल, म्हणून बसलाय लोकांच्या चुका काढत. त्याच्या जिभेला काही हाड?"

"नसेल बाई."

"खातं तरी कशाला उघडतात असली माणसं?"

"काय माहीत बाई," थोरली म्हणाली आणि स्पिरिटचा दिवा उगाच मोठा केला.

पण संध्याकाळी थोरलीने साइट उघडली तेव्हा फेरीवाल्याच्या गोष्टीतला शेवटचा परिच्छेद गायब होता. फेरीवाला वळणावर दिसेनासा झाला आणि तिथेच गोष्ट थांबली होती. थोरलीने ती पुन्हा वाचली आणि एकटीच हसली. निळा डाग दाखवावा आणि समोरच्याने तो बरोबर घासावा, याच्यासारखं सुख नाही.

मग तो परिपाठच पडला. धाकटी गोष्ट टाकायची, थोरलीला विचारायची, थोरली "छान" म्हणायची आणि संध्याकाळी तिऱ्हाईत येऊन तीन तारे टाकून जायचा. 'एकाच गोष्टीत चार जण रडतात. दोघांना तरी आवरावं.' 'नायिका दर वेळी खिडकीतच का उभी असते? तिला घरात काही काम नाही का?' 'नवरा-बायकोचं भांडण फार चांगलं उतरलं आहे. मात्र दोघेही भांडताना पूर्ण वाक्यात बोलतात. असं कोण भांडतं?'

धाकटी सकाळी येऊन त्याला शिव्या घालायची. थोरली हो ला हो करायची. शिव्याही रंगत चालल्या होत्या. तिऱ्हाईताला एव्हाना टक्कल पडलं होतं, त्याची बायको माहेरी निघून गेली होती आणि त्याच्या घरी कुणी चहाला येत नव्हतं. खाई त्याला खवखवे, पण थोरलीला त्यात मजाही वाटू लागली होती. एकदा तर तिनेच भर घातली, "दातही पडले असतील मेल्याचे." त्यावर धाकटी इतकी हसली की तिच्या हातातली कवळी सुटता सुटता वाचली. आणि इतकं करून धाकटी त्याचं ऐकायची. तिच्या गोष्टींतली माणसं रडायची थांबली, खिडकीतून हलली, कामाला लागली.

पाच तारे देणारेही होते. त्यांतले बहुतेक 'अप्रतिम!!! माझीही कथा वाचा' असे. तू माझ्या पाठीवर थाप मार, मी तुझ्या मारते, असा तो उघड व्यवहार होता आणि धाकटीलाही तो कळत होता. मात्र एक जण तसा नव्हता. त्याने नावही घेतलं नव्हतं, साइटनेच त्याला 'वाचक' म्हणून एक नंबर चिकटवला होता. तो प्रत्येक गोष्टीला पाच तारे द्यायचा आणि लिहायचा, 'छान. पुढे चालू.' माझीही वाचा वगैरे काही नाही.

"हा कुणी तरी निवृत्त प्राध्यापक असणार," धाकटी म्हणायची. "बघा, किती मोजकं बोलतो."

"असेल," थोरली म्हणायची. तिला तो प्राध्यापक फारसा आवडत नव्हता. छान म्हणणाऱ्यांचा तिला स्वतःवरून अनुभव होता.

असं सगळं सुखाने चाललं असताना धाकटीने सासूबाईंवर गोष्ट लिहिली.

सासूबाई जाऊन वर्ष होऊन गेलं होतं. टेबलाच्या डोक्याशी त्यांची खुर्ची अजून तशीच होती, तिच्यावर आता प्लॅस्टरची पोती ठेवायचे. धाकटीने गोष्ट टाकली आणि पहिल्यांदाच "कशी वाटली" असं विचारलं नाही. नुसतीच म्हणाली, "ताई, आईंवर लिहिलंय. वाचा सावकाश."

थोरलीने वाचली. गोष्टीतल्या सासूबाई खिडकीजवळ बसून विणकाम करत होत्या. सुनांना 'माझ्या लेकींनो' म्हणत होत्या. त्या कधी कुणाला टोचून बोलल्या नाहीत, असं तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं. शेवटी दोन्ही सुनांच्या डोक्यावर हात ठेवून त्या मंद हसल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

थोरलीने फोन खाली ठेवला. तिला राग आला, आणि कुणाचा ते कळेना. सासूबाईंनी जन्मात सुई हातात धरली नव्हती. 'माझ्या लेकींनो' तर सोडाच, त्या दोघींना 'ए' म्हणायच्या आणि कुणाला हाक मारलीय ते दोघींनी आवाजावरून ओळखायचं. टोचून बोलण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि त्यांच्यासारखं हसवणारंही कुणी नव्हतं. ती बाई इथे कुठेच नव्हती. तिला जाऊन वर्ष झालं होतं, आणि आज थोरलीला ती पुन्हा गेल्यासारखी वाटली.

तिऱ्हाईताने त्या संध्याकाळी दोनच तारे दिले. लिहिलं, 'ही बाई कुणालाच टोचत नाही. अशी माणसं फोटोत असतात, घरात नसतात.'

सकाळी धाकटी आली ती शिव्या न घालता. गुपचूप बसली आणि कामाला लागली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "ताई, मी बंद करतेय लिहिणं."

"अगं, का?"

"त्याला काय माहीत आई कशा होत्या? माझ्या गोष्टींना काय म्हणायचं ते म्हणा. पण आईंना..." तिने चष्मा काढून पुसला. "नाही जमत मला. दोन तारे. आईंना दोन तारे!"

थोरलीच्या हातातलं मेण वितळून बोटांवर सांडलं. 'आईंना नाही गं, तुझ्या गोष्टीला,' हे वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडकलं. तिऱ्हाईताच्या मनातलं तुम्हाला कसं कळलं, असं धाकटीने विचारलं तर काय सांगणार? ती एवढंच म्हणाली, "मला छान वाटली होती." आणि हे खोटं बोलताना तिला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली.

धाकटी बोलल्यासारखी वागली. एक आठवडा गेला, दुसरा गेला, शाईपेन गप्प. धाकटी काम चोख करत होती, विनोदाला हसतही होती, पण विनोद करत नव्हती. थोरलीला संध्याकाळ खायला उठू लागली. तिच्या लक्षात आलं की दिवसभर कुणाकुणाचे दात घडवताना आपण संध्याकाळच्या गोष्टीची वाट बघत असायचो. धाकटीला खरंच लिहिता येत होतं, दिवसेंदिवस जास्त चांगलं येत होतं, आणि ते आपल्या हाताने बंद पडलं.

मग थोरलीने चूक निस्तरायला आणखी मोठी चूक केली. तिऱ्हाईताच्या खात्यातून तिने दोनाचे पाच तारे केले. जुना अभिप्राय पुसला आणि लिहिलं, 'पुन्हा वाचली. अप्रतिम!' तीन उद्गारचिन्हं तिच्याच्याने देववली नाहीत, एकच दिलं.

सकाळी धाकटीने फोन समोर धरला. "बघा. दया आली साहेबांना."

"चांगलं झालं की! पाच दिलेत."

"ताई, तो माणूस मला आवडायचा नाही," धाकटी हळू आवाजात म्हणाली, "पण खोटं बोलायचा नाही. एवढ्या सगळ्यांत तेवढा एकच होता. आता तोही यांच्यातलाच झाला. कुणाचं खरं मानायचं मग?" तिने फोन पालथा ठेवला. "खातंच काढून टाकते आज-उद्या. कटकट नको."

खातं काढलं की गोष्टीही जाणार. फेरीवाला जाणार, भांडणारे नवरा-बायको जाणार. थोरलीने हातातलं काम खाली ठेवलं. तेलही गेलं, तूपही गेलं, असं व्हायला आता एकाच दिवसाचा अवकाश होता.

सांगायला तर हवंच होतं. पण तोंड उघडलं की मीठ आठवायचं. गालाला हात लावून बसलेली नवी नवरी आठवायची. आणि त्याच आठवणीला लागून सासूबाईंचा आवाजही आठवला: टोचायचं असेल तर निळा कागद आहे.

जेवणं झाल्यावर थोरली कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली आणि ती गोष्ट छापून आणली. धाकटी आत भांडी आवरत होती तोवर तिने निळा कागद पानावर धरला आणि जिथे जिथे टोचत होतं तिथे तिथे अंगठ्याने दाबला. विणकामावर एक डाग. 'माझ्या लेकींनो'वर एक. टोचून बोलल्या नाहीत, यावर इतका जोरात दाबला की कागद फाटायला आला. मंद हसण्यावर एक. मग पानं नेहमीच्या ट्रेमध्ये ठेवली आणि ट्रे टेबलावरून धाकटीच्या बाजूला सरकवला.

धाकटी पदराला हात पुसत आली, बसली, सवयीने ट्रे ओढला. बघितलं. पानं उचलून उजेडात धरली. निळ्या डागांवर बोट फिरवलं आणि बोटाला लागलेली निळाई बघितली. मग तिने मान वर केली.

"तुम्ही?"

थोरलीने मान डोलावली.

"तिऱ्हाईत?"

"हं."

"तीन तारे तुमचे?"

"दोनही माझेच. पाचही. पण ते पाच विसर, ते खरे नव्हते."

धाकटीचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "इतके दिवस मी तुमच्यासमोर बसून त्याला शिव्या घालतेय आणि तुम्ही 'हो बाई, हो बाई' करताय? दात पडले असतील मेल्याचे, हे तुम्हीच म्हणालात!"

"मग काय म्हणू? माझे शाबूत आहेत म्हणू?"

"तोंडावर का नाही सांगितलंत? मी रोज विचारत होते. रोज!"

"मिठामुळे," थोरली म्हणाली.

"कसलं मीठ?"

थोरलीला वाटलं ती चेष्टा करतेय. पण धाकटी खरोखरच कोऱ्या चेहऱ्याने बघत होती. मग थोरलीने सगळं सांगितलं. नवी नवरी, पहिली भाजी, मीठ जास्त, आणि मग पंधरा दिवसांचा रुसवा. ओठ मिटून, गालाला हात लावून. "तेव्हाच मी ठरवलं, हिला पुन्हा कधी काही म्हणायचं नाही."

धाकटी ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा हात आपसूक गालावर गेला.

"अहो ताई," ती म्हणाली, "माझी दाढ दुखत होती!"

"काय?"

"खालची. किडली होती. ठणकत होती नुसती, तोंड उघडवत नव्हतं. पण दातांच्या घरात नवी नवरी आलेली, आणि तिचीच दाढ किडकी, हे सांगायचं कसं? आई तर सगळ्यांचं तोंड उघडून बघायच्या! म्हणून गप्प बसले. पुढे माहेरी गेले तेव्हा गुपचूप काढून आले." तिने जबडा वासून आत बोट दाखवलं. "ही बघा, जागा रिकामी आहे अजून."

थोरलीने वाकून बघितलं. व्यवसायच तो. जागा रिकामी होती.

इतक्या वर्षांचे सगळे 'छान' तिच्या डोळ्यांसमोरून गेले. पडदे, चपला, ते कापलेले केस. "म्हणजे मीठ..."

"मिठाचं मला काही आठवतच नाही. असेल जास्त. मी आजही जास्तच घालते, तुम्ही कुणी बोलत नाही म्हणून मला वाटतं बरोबर पडतं!"

आधी कोण हसलं ते सांगता येणार नाही. पण दोघी हसायला लागल्या आणि थांबता थांबेनात. थोरलीच्या डोळ्यांतून पाणी आलं, धाकटीने टेबलावर डोकं टेकलं, आणि प्लॅस्टरची धूळ तिच्या केसांना लागली.

पडद्याआडून बाबांचा आवाज आला. "काय गं, काय झालं?"

"काही नाही बाबा," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "तारे कुणी किती दिले त्यावरून भांडतोय."

पडदा सरला. बाबा टॅबलेट छातीशी धरून उभे होते. कवळी तोंडात नव्हती, त्यामुळे शब्द जरा हवेत जात होते, पण कळत होते. "तारे सगळे भरायचे असतात ना? मी तर दर वेळी पाचही भरतो. अर्धवट सोडलं तर पोचतं का ते?"

दोघी बघतच राहिल्या.

"बाबा," धाकटीने विचारलं, "'छान, पुढे चालू' ते तुम्ही?"

"मग? धाकट्याने लावून दिलंय मला यात. घरच्या सुनेचं आहे, वाचायला नको?"

निवृत्त प्राध्यापक गेला. धाकटीने एक मोठा सुस्कारा सोडला. "म्हणजे खरं बोलणारी घरची आणि मनापासून छान म्हणणारेही घरचेच. बाहेरचं कुणी वाचतं की नाही मला?" पण ती रागावलेली नव्हती. मग तिला काहीतरी आठवलं आणि तिने जपून विचारलं, "बाबा, ती शेवटची गोष्ट कशी वाटली? विणकाम करणाऱ्या बाईची?"

"छान होती." बाबा क्षणभर घुटमळले. "कोण गं ती? मला वाटलं तुझ्या माहेरची कुणी असेल. शांत होती बिचारी."

धाकटीने थोरलीकडे बघितलं. थोरलीने तिच्याकडे बघायचं टाळलं. बाबा पडद्याआड गेले. धाकटीने ती निळे डाग पडलेली पानं पुढ्यात ओढली, चष्मा नीट बसवला आणि म्हणाली, "ताई, आईंची ती शेवटची कवळी आठवते?"

"न आठवायला काय झालं?"

"तेच लिहायला हवं होतं ना?"

"हो," थोरली म्हणाली. आणि मग, तोंडाने, स्पष्ट शब्दांत, दोघींच्या आयुष्यात दुसऱ्यांदा: "आणि मीठ खरंच जास्त असतं तुझं."

"बरं," धाकटी म्हणाली आणि लिहायला बसली.

नवी गोष्ट चार दिवसांनी साइटवर आली. तीत विणकाम नव्हतं. सासूबाई पलंगावर होत्या, औषध देणाऱ्या नर्सला चादर घडी करायला शिकवत होत्या, आणि त्यांना शेवटची नवी कवळी हवी होती. धाकटीने ती केली होती, थोरलीने तपासली होती. दोघींचे डोळे रडून सुजलेले, दोघींचंही लक्ष नव्हतं. सासूबाईंनी कवळी तोंडात घातली, आत जीभ फिरवली, काढून हातावर ठेवली. 'ए. डावीकडे टोचतंय. दोघी बसून करता काय दिवसभर? एकमेकींची स्तुती?' मग निळा कागद पलंगावरच आणायला लावला. दोघी सुना शेजारी बसून घासत राहिल्या आणि सासूबाई त्यांच्यावर लक्ष ठेवून. पुन्हा घातली, पुन्हा काढली, पुन्हा घातली. शेवटी एक बिस्कीट मागून कुरुमकुरुम खाल्लं आणि म्हणाल्या, 'हं. आता बसली.' उभ्या जन्मात त्यांनी सुनांची केलेली स्तुती ती तेवढी. गोष्ट तिथे संपली. डोळे मिटले वगैरे काही नाही.

थोरलीने ती टेबलाशी बसूनच वाचली. धाकटी समोर बसून एकच दात पुन्हा पुन्हा चमकवत होती.

"कशी वाटली?"

थोरलीने नाक ओढलं. "थांब. बाबांचं वाचून होऊ दे."

पडद्यापलीकडे बाबांची खुर्ची करकरली. मग ते एकदा हसले, मोठ्याने, कवळी वाजेपर्यंत. धाकटीच्या हातातला ब्रश थांबला. अखेर टेबलावरचा तिचा फोन हलला आणि दोघींनी एकदमच डोकी पुढे केली.

'हीच ती,' असं लिहिलं होतं. आणि खालच्या ओळीत: 'मात्र डावीकडे नाही, उजवीकडे टोचत होतं. दुरुस्त करावं.'

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. थोरलीने डोळे मिटून तो पलंग आठवला, ती खिडकी, आपण कुठल्या बाजूला बसलो होतो ते. "बरोबर आहे त्यांचं," ती म्हणाली. "उजवीकडेच."

धाकटीने फोन उचलला आणि एक शब्द बदलला. मग तिचं लक्ष वर गेलं. बाबांच्या त्या 'वाचक' नंबरापुढे पाचही तारे रिकामे होते.

"बाबा," तिने पडद्याच्या दिशेने हाक मारली, "यावेळी तारे नाही भरलेत?"

मग बाबांचा आवाज आला, जरा घोगरा. "अरे हो. राहिलेच बघ. थांब, भरतो."

"राहू द्या, बाबा," धाकटी म्हणाली. "पोचलं."